पंधरा ठोके जास्त

शनिवार, ३१ जानेवारी

आलो एकदाचे! सामान तिसऱ्या मजल्यावर चढवता चढवता हमालांनी आमचा आणि आमच्या पुस्तकांचा पुरेसा उद्धार केला, पण दुपारपर्यंत सगळं वर आलं. ऑफिसनं दिलेलं क्वार्टर आहे. दोन खोल्या, उजेडाचं स्वयंपाकघर आणि अंगणावर उघडणारी गॅलरी. माणसं दोनच, मी आणि माझी आठ वर्षांची लेक. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर सापडतं. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. आल्या आल्या तिनं खिडकीजवळची जागा बळकावली आणि आता मला तिथे उशीसुद्धा ठेवू देत नाही.

दहा वर्षं शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घातली, आता परवापासून व्हिडिओ गेम बघायचे! बाजारात येण्याआधी प्रत्येक खेळ या ऑफिसात बघतात आणि तो कितव्या वर्षापासून खेळावा याचा शिक्का मारतात. मी जन्मात एकही गेम खेळलेली नाही, हे मुलाखतीत मान खाली घालून सांगितलं. ऑफिसच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या म्हणाल्या, म्हणूनच तर तुम्ही हव्यात. मला मेलीला हसूच फुटलं.

सोमवार, २ फेब्रुवारी

कामाची खोली लहान आहे. जाड पडदे, एक आरामखुर्ची, भिंतीएवढा पडदा. खेळायचं मला नाही. खेळतो तो माझा सहकारी. त्याला मी मनातल्या मनात दाढी म्हणते, कारण आधी दाढी आत येते आणि मग तो. आडदांड गडी, पण टेबलावर मुंगी दिसली तर कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडून येतो. घरी गेल्यावर हेच खेळ हौसेनं खेळतो म्हणे. खोटं आहे हो सगळं, रंगांचे ठिपके, असं म्हणाला.

मी बघायचं आणि तक्ता भरायचा. रक्त किती, किती वेळ, मार खाणारा ओरडतो का, मारणाऱ्याला गुण मिळतात का. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे. हा खेळ मर्यादेच्या पलीकडे जातो का? होय की नाही.

आधी नमुना दाखवतात. एका जुन्या गेममधला चाळीस सेकंदांचा तुकडा. मोटारींचं गॅरेज. ग्रीसनं माखलेल्या हातांचा एक माणूस जमिनीवर, दुसऱ्याच्या हातात पाना. खालचा हात वर करून म्हणतो, थांब. इथे गेम खरंच थांबतो. खेळणाऱ्याला मागे फिरता येतं. नमुन्यात कुणी मागे फिरत नाही. पुढचं मी या वहीत लिहिणार नाही.

मी बेसिनपाशी जाऊन उलटी केली. बोटाला नाडी मोजायची पट्टी होती. ठोके एकेचाळीसने वाढले, असं पट्टीवाल्यानं सांगितलं आणि मोठ्या बाई एवढ्या खूश झाल्या की मी बोर्डात आले की काय! मग नियम सांगितला. दर सोमवारी हाच नमुना बघायचा आणि ठोके पंधराच्या वर वाढले पाहिजेत. ज्याचं काळीज हलत नाही, तो दुसऱ्याच्या लेकरांसाठी काय निवाडा करणार? माणूस गार पडला की खुर्ची सोडायची, आणि क्वार्टरही. मला नियम पटला. 'होय'वर एवढ्या जोरात खूण केली की खालच्या कागदावर उमटली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

गेल्या सोमवारी तेहेतीस होते. आज एकोणीस.

एकोणीसच? पडद्यावर तोच माणूस होता, तसाच हात वर करत होता, आणि मला दिसलं की त्याच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. बंद घड्याळ! दोन आठवड्यांत अकरा खेळ बघितले. करवत, कुऱ्हाड, एकात तर नुसते हात. पहिल्या आठवड्यात डबा जात नव्हता. आता तक्ता भरता भरता बिस्कीट खाते.

भिंगरीला इथे मैत्रीण मिळाली आहे, आयुष्यात पहिल्यांदा. दोघी एकमेकींच्या वह्या सजवतात. हे घर सोडायचं म्हणजे तिला पुन्हा उपटून न्यायचं. काळीज धडधडलं, पण पट्टी बोटाला नसताना.

पट्टीवाला जाता जाता हळूच म्हणाला, बाई, सगळे एकच करतात. त्या माणसाच्या जागी आपलं कुणीतरी ठेवायचं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

ठेवली.

अडतीस ठोके. जेवणाच्या सुट्टीपर्यंत रडत होते. घरी आल्यावर भिंगरीला अशी आवळून धरली की ती म्हणाली, आई, माझं पोट फुटेल. मला स्वतःची किळस आली. पण आकडा चांगला आला. झोपही चांगली लागली, खोटं का लिहू?

सोमवार, २ मार्च

चोवीस. नुसता तिचा चेहरा पुरला नाही. शाळेचा गणवेश घालावा लागला, पुढचा पडलेला दात घालावा लागला. तिचा आवाज घातला तेव्हा कुठे आकडा हलला.

गुरुवार, ५ मार्च

भिंगरी झोपाळ्यावरून पडली. गुडघा चांगलाच फुटला. मी समोर बाकावर होते. बघितलं. मनात आलं, रक्त मध्यम, ओरडणं आहे, वेळ सहा सेकंद. सातव्या सेकंदाला शेजारच्या बाई धावत गेल्या आणि त्यांनी तिला उचललं. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, ती मला समजली. लाज वाटायला हवी होती. मी वाट बघितली. आली नाही.

टाके तीन.

सोमवार, ९ मार्च

सोळा. तिचा फुटलेला गुडघाही वापरला.

मंगळवार, १० मार्च

भिंगरीनं विचारलं, तोंड का पाडून बसलीस? सांगायला नको होतं. सांगितलं. आईला भीती वाटेनाशी झाली आहे आणि आईची नोकरी भीतीवर आहे. ती पोट धरधरून हसली. मोठ्यांच्या नोकऱ्या किती मजेशीर असतात, म्हणाली. मग एकदम गंभीर झाली. "मी घाबरवीन ना तुला!"

संध्याकाळी दाराआडून भॉ केलं. मी मनगटावर बोटं ठेवून होते. दहा. तिनं विचारलं, किती? मी बारा सांगितले. तिनं उड्या मारल्या.

शुक्रवार, १३ मार्च

आज न्हाणीघरात पडून होती, चित्रकलेचा लाल रंग कपाळाला लावून. डोळे मिटलेले. मी दारात उभी. चार ठोके. रंग पातळ झाला होता, खरं रक्त असं ओघळत नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं.

रविवार, १५ मार्च

दुपारी ती नाहीशी झाली. मी खुर्चीत बसून मोजत राहिले. सव्वा तासानं कपाटातून आपली आपण बाहेर आली, घामानं निथळलेली, हुंदके देत. तू मला शोधलं नाहीस, म्हणाली.

शोधायचं असतं हे मला ठाऊक होतं. मी मोजत होते.

सोमवार, १६ मार्च

अकरा.  मोठ्या बाईंनी एक आठवडा दिला.

दाढीला विचारलं, तू घरी खेळतोस, तुझं कसं होत नाही असं?  म्हणाला, घरी खेळताना त्या गॅरेजपाशी तो स्वतः एकदा मागे फिरला होता. गुण मिळत नाहीत, दार उघडत नाही, काही नाही. तरी फिरला. मग म्हणाला, बाई, इतके दिवस मी तुमच्यासमोर खेळतोय. एकदाही म्हणाला नाहीत, फिर मागे.

खरंच नाही म्हटलं. सुचलंच नाही.

सोडा ही नोकरी, असं तो म्हणाला. आजच लिहून द्या. मुंग्या उचलणारा माणूस, त्याचे डोळे भरले होते. मी पाहिलं की उजवा आधी भरला.

आजचा खेळ — मर्यादेच्या पलीकडे? नाही.

गुरुवार, १९ मार्च

नाही. नाही. नाही. तीन खेळ, तीन खुणा.

भिंगरी माझ्या ताटलीतली सुरी घेऊन बसली होती. काढून घेतली. किती वेळानं काढून घेतली ते लिहीत नाही.

शनिवार, २१ मार्च

आरशासमोर घाबरल्याचा चेहरा करून बघितला. जमतो. नाडी जमत नाही.

मला भीती वाटत नाही याचीसुद्धा भीती —

तीही नाही.

रविवार, २२ मार्च, सकाळ

उद्या सोमवार. भिंगरीला वार पाठ आहेत. उठल्यापासून काहीतरी ठरवून बसली आहे. दूध एका दमात प्यायली. आई, तू वही घेऊन बस, म्हणाली. बोटं ठेव.

ठेवली. बाहत्तर.

स्टूल गॅलरीत ओढत नेलं. ऊन छान पडलंय. खाली कुणी नाही.

चढली. कठड्यावर एक गुडघा. टाक्यांचा. मग दुसरा. आता उभी आहे, वरचा गज धरून.

"आई, आता?"

बाहत्तर.

उठायला हवं. हे मला पक्कं माहीत आहे. प्रत्येक आई या ठिकाणी —

एक हात सोडला तिनं. हसतेय. "आता?"

त्र्याहत्तर. कदाचित मीच चुकले मोजायला.

हसू गेलं. खाली बघितलं तिनं. आई, मलाच भीती वाटतेय, म्हणते. पाय हलत नाहीयेत म्हणते.

उठले. गेले. वही कठड्यावर ठेवून लिहितेय. तिचं मनगट माझ्या डाव्या हातात. एकशे तीस. एकशे छत्तीस. किती दिवसांनी असा आकडा —

आई ओढ ना, म्हणते. आई.

नुसती दोन बोटं टेकवली आहेत मी. घट्ट धरायला हवं. एवढं लिहून झालं की ध