पंडित यादवबुवांची भाड्याची खोली

३ जानेवारी २००८, सकाळ

नवी डायरी. विम्याच्या एजंटाने दिली. पॉलिसी काढली नाही तरी दिली. माणसाची पारख आहे त्याला.

या वर्षीचे संकल्प. रोज पहाटे रियाज. आलुबोंडा बंद. आणि पंडित यादवबुवा निमजे यांची भंडाऱ्यातली खोली जगापुढे आणणे.

मुद्दे लिहून ठेवतो, भाषणात लागतील. नव्व्याण्णव साली जिल्हा फुटला आणि बुवांचं जन्मगाव गोंदियाकडे गेलं. तिकडच्यांनी लगेच कमान बांधली, पुतळा बसवला. आपल्या वाट्याला उरली खांब तलावामागच्या गल्लीतली माडीवरची एक खोली. पुण्याला जाऊन मोठे होण्याआधी बुवा तिथे भाड्याने राहत. सगळा रियाज तिथे झाला. म्हणजे जन्म गोंदियाचा असेल, गळा भंडाऱ्याचा आहे. (हे वाक्य घ्यायचंच. टाळीसाठी थांबायचं.)

दुसरं कारण फक्त इथे लिहितो. दहा फेब्रुवारीला बुवांची जयंती. त्या दिवशी, बुवा बसायचे त्याच कोपऱ्यात बसून मला गायचं आहे. आणि ते कोणीतरी जाणत्याने ऐकलं पाहिजे. उभा जन्म विणकर सोसायटीच्या दुकानात लुगड्यांच्या घड्या घातल्या. घरी सूर लावला की सौ. सुमित्रा मिक्सर लावते. एकदा, फक्त एकदा, कळणाऱ्या माणसाने म्हणावं, मधुकरराव, तुम्ही गाता. एवढंच हवं आहे.

लहानपणी मी त्या खिडकीखाली उभा राहून बुवांच्या तानेला तान देत असे. एकदा बुवांनी खाली वाकून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. आपली विद्या कोणी उचलून नेऊ नये, ही जुन्या लोकांची काळजी.

रियाज उद्यापासून. आज ऊन वर आलं.

६ जानेवारी, रविवार

खोलीला पहिली भेट. घरमालकीण सुलोचनाबाई दारातच उभ्या. म्हणाल्या, कोण पाहिजे जी. म्हटलं, बुवांची खोली पाहायची आहे. म्हणाल्या, बुवाले जाऊन जमाना झाला, आता तेथी काय भेटते तुमाले, धानाचे पोते आहेत.

खरंच पोती होती. एकोडीच्या शेतातलं धान, मोडका कूलर, कांदे. तरी मी डोळे मिटून उभा राहिलो. भिंतीतून काहीतरी सूक्ष्म ऐकू आलं. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, उंदरं आहेत.

बुवांचा कोपरा नेमका पोत्यांमागे. काही पोती सरकवली. बाई म्हणाल्या, आता हात लागलाच आहे त बाकीचेही खाली घ्या न. फार भारावल्या होत्या. चहा विचारायचं सुचलं नाही त्यांना.

८ जानेवारी

पंडित यादवबुवा स्मृती समिती स्थापन. अध्यक्ष मी. सचिव पुंडलिकराव, रिटायर्ड मास्तर, तबला वाजवतात. बाकी सदस्य नंतर. पहिला ठराव, खोली रिकामी करणे. पुंडलिकराव म्हणाले, ठरावाले हात वर करतो, पोत्याले हात लावत नाही, माही कंबर धरते. बरोबर आहे. तबलजीने कंबर जपलीच पाहिजे.

रियाज नाही. सभा होती.

११ जानेवारी

सगळी पोती उतरवली. एकट्याने. कूलर गच्चीवर चढवला, कांदे जिन्याखाली नेले. सुलोचनाबाईंनी आज चहा दिला आणि गॅसचा सिलिंडर आत ठेवायला सांगितला. घरोबा वाढतो आहे.

रियाज नाही. घशात धानाची धूळ.

१५ जानेवारी, संक्रांत

खोली रिकामी झालीच आहे म्हणून सुलोचनाबाईंनी तिथे हळदीकुंकू ठेवलं. स्मारकातला पहिला कार्यक्रम. बायकांना बसायला दरी मी अंथरली, पाण्याची टाकी मी भरली. सुरुवातीला एखादी चीज म्हणू का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, नोका जी, बायका घाबरतीन.

सुमित्रालाही बोलावणं होतं. घरी आल्यावर म्हणाली, एका बाईनं मले विचारलं, हा दरी घालणारा माणूस कुठला, चांगला दिसते. मी तिले म्हटलं, मले काय मालूम.

१९ जानेवारी

मोठा दिवस. पुंडलिकरावांच्या ओळखीतून बुवांच्या मुलीचा पुण्याचा नंबर मिळाला. शकुनताई. जन्म याच खोलीतला. फोन केला. त्या लग्नासाठी नागपूरला येणारच आहेत, दहा फेब्रुवारीला दुपारी इकडे येतील. म्हणाल्या, ती खोली एकदा पाहायची फार इच्छा आहे. मी फोनवरच बागेश्रीची छोटी झलक दिली. मध्येच लाइन गेली. गाण्याच्या वेळीच आमची लाइन जाते.

प्रत्यक्ष बुवांचं रक्त. याहून जाणतं कोण असणार?

सुमित्रा म्हणाली, ते बाई बापाची खोली पाहाले येऊन राहिली, तुम्ही कायले मधात बसता. कलेतलं तिला कमी समजतं.

२२ जानेवारी

पोती काढल्यावर भिंती दिसल्या. ओल, पोपडे, खिळ्यांची भोकं. ताईंना हे दाखवणार? पेंटरने सांगितलेला आकडा ऐकून समितीची तातडीची सभा बोलावली. सचिव आले नाहीत. ठराव, अध्यक्षांनी स्वतः चुना मारणे. एकमताने मंजूर.

२४ जानेवारी

पोपडे पत्र्याने खरवडले. भिंत ओली करून घेतली. कोरड्या भिंतीवर चुना धरत नाही, पावडरसारखा हाताला येतो. कळीचा चुना कालच भिजवून ठेवला होता, तो जुन्या लुगड्यातून गाळला. लुगडं आपल्याच सोसायटीचं, वीण घट्ट, एक खडा खाली येत नाही. त्यात गोंद आणि मूठभर मीठ. नीळ पुरचुंडीत बांधून पाण्यात फिरवायची, थेट टाकायची नाही. जास्त झाली की दवाखाना दिसतो, कमी पडली की भिंत पिवळट. पहिला हात उभा, दुसरा आडवा. आधी कोपरे, मग मधलं. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा पहिली भिंत वाळत होती आणि वाळता वाळता तिचा रंग उजळत होता. तिथेच बसून पाहत राहिलो. जेवायचं विसरलो.

रियाज नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून दुसरा हात. सुलोचनाबाई वर आल्या. बराच वेळ भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, आता जिना कसा त दिसून राहिला न जी.

खरं आहे. ताई जिन्यानेच वर येणार. जिना स्मारकाचाच भाग धरला.

३० जानेवारी

जिना झाला. दर्शनी भिंत झाली. आज सुलोचनाबाईंचं खालचं स्वयंपाकघर. बुवा निरोप सांगायला, विस्तव मागायला खाली येतच असतील, म्हणजे तेही ऐतिहासिक आहे.

शेजारच्या धुरपताबाई विचारत होत्या, आमच्या न्हाणीचं पाहता का. त्यांना स्पष्ट सांगितलं, मी गायक आहे. म्हणाल्या, असू द्या जी, न्हाणी लहानच आहे.

२ फेब्रुवारी

सुमित्राचं बोलणं मनाला लागलं. म्हणाली, आपल्या मागच्या भिंतीले हात लावा म्हणून मी तीन दिवाळ्या झाल्या सांगून राहिली. तेथी कोणता बुवा राहून गेला म्हणजे लावान?

उत्तर सुचलं, पण तोवर ती बाजारात गेली होती.

धुरपताबाईंची न्हाणी झाली. चुना उरला होता, वाया कशाला घालवायचा.

६ फेब्रुवारी

तालीम. चुन्याने घसा धरला आहे, त्यामुळे आवाजाला वजन आलं आहे. पुंडलिकराव म्हणाले, दहा मिनिटात आटपा. मी म्हटलं, दहा मिनिटात तर विलंबित सुरूही होत नाही. ते म्हणाले, म्हणूनच म्हणून राहिलो. तेवढ्यात लोडशेडिंग. परत लाइट आली तेव्हा तबला होता, पुंडलिकराव नव्हते.

९ फेब्रुवारी, दुपार

उद्या. झब्बा इस्त्रीला दिला. एकटाच खोलीत जाऊन बसून आलो. गायलो नाही. नुसता बसलो.

भीती वाटते. आजवर प्रत्येक वेळी काहीतरी कारण होतं. कधी धूळ, कधी मिक्सर, कधी न कळणारे लोक. उद्या खोली बुवांची, कोपरा बुवांचा, ऐकणारी बुवांची लेक. उद्या काही बिनसलं तर सांगायला कारण उरणार नाही. हे लिहायला नको होतं. पान फाडावं म्हणतो.

फाडलं नाही. पाठीमागे उद्याची तारीख आहे.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ

आयुष्याचं सोनं झालं. नीट लिहितो.

शकुनताई आल्या. माझ्याच वयाच्या, बारीक, शांत. उंबऱ्यात थांबल्या, आत येईनात. मग खिडकीपाशी गेल्या, भिंतीवरून हात फिरवला, डोळे भरले. म्हणाल्या, आई दर दिवाळीला अगदी असाच निळसर हात मारायची, मला हा रंग पुन्हा दिसेल असं वाटलं नव्हतं. सुलोचनाबाई पदराने डोळे टिपायला लागल्या. वातावरण जड झालं. म्हणून मी लगेच गायला बसलो.

आधी भाषण. गळा भंडाऱ्याचा, या वाक्यावर थांबलो. धुरपताबाईंना वाटलं संपलं, त्या उठल्या. त्यांना बसवलं.

मग बागेश्री. विलंबित, द्रुत, आणि लोकाग्रहास्तव पुन्हा थोडं विलंबित. आग्रह लोकांच्या मनात होता, मी ओळखला. पुंडलिकराव माझ्या बऱ्याच आधी समेवर येऊन थांबले. पण ताई! शेवटपर्यंत हलल्या नाहीत. नजर माझ्या डोक्यावरून मागे कुठेतरी लागलेली. खरा रसिक गवयाच्या तोंडाकडे पाहत नाही, तो सुरांकडे पाहतो. गाणं संपलं तेव्हा एक श्वास सोडून म्हणाल्या, किती सुंदर झालंय, असं काम करणारी माणसं आता राहिली नाहीत.

मी पाया पडणार होतो, त्यांनी पडू दिलं नाही.

घरी येताना सुमित्राला विचारलं, ऐकलंस? म्हणाली, ऐकलं न. मग कोथिंबिरीचा भाव विचारायला थांबली. तिलाही पटलं असावं.

१२ फेब्रुवारी

खोलीला पाटी लागली. स्पोकन इंग्लिश, बेसिक आणि अॅडव्हान्स. सुलोचनाबाईंनी ती लाखांदूरच्या एका मास्तरला भाड्याने दिली. म्हणाल्या, पोते होते तवा कोणी विचारत नव्हतं जी, तुमचे लय उपकार झाले. बुवांच्या पाटीचं काय, म्हटलं. म्हणाल्या, इंग्लिशच्या खाली लावून घ्या न, जागा आहे.

हरकत नाही. वास्तू गेली, गाणं राहिलं. ताईंच्या ओळखीने पुण्यात एखादी छोटी मैफल. संकल्प म्हणून इथे नोंदवतो.

१४ फेब्रुवारी

ताईंचा फोन आला. पुण्याहून. मी उभा राहूनच घेतला.

म्हणाल्या, मधुकरराव, परवा तुम्ही फार कष्ट घेतलेत. म्हटलं, कष्ट कसले, साधना आहे. म्हणाल्या, एक विचारायचं होतं, संकोच वाटतो. म्हटलं, निःसंकोच, तारीख तुम्ही सांगा. म्हणाल्या, ती खोली कोणी रंगवली? बाबांची पुण्यातली खोलीही तशीच करून घ्यायची आहे, त्या माणसाचा नंबर मिळेल का?

ती मीच रंगवली, हे वाक्य तोंडात आलं होतं. पण आलं नाही बाहेर. म्हटलं, आहे एक सोमाजी म्हणून. योगायोगाने इथेच आहे. देतो.

रिसीव्हर टेबलावर ठेवला. थोडा वेळ जाऊ दिला. मग उचलून जाड आवाजात म्हटलं, सोमाजी बोलून राहिलो जी.

ताईंना भिंत ओली किती करायची ते सांगितलं. चुना कोणता, गाळायचा कशातून, मीठ काहून घालायचं, नीळ कशी फिरवायची. ओल असेल तर आधी काय करायचं. बराच वेळ बोललो. ताईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही, उलट लिहून घेत होत्या, थांबा म्हणत होत्या, पुन्हा सांगा म्हणत होत्या. इतकं मन लावून मला आजवर कोणी ऐकलेलं नाही.

शेवटी ताई हसल्या. म्हणाल्या, सोमाजी, एक गंमत सांगते, मधुकररावांना मात्र सांगू नका. परवाचं ते गाणं काही केल्या संपेना. तुमची भिंत समोर होती म्हणून मी बसू शकले.

मी म्हटलं, नाही सांगत जी.

फोन ठेवला. सुमित्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. काही हसली नाही. ताटं घेतली आणि म्हणाली, चला सोमाजी, जेवाले बसा, मग मागची भिंत पाहून घ्या.