तिसऱ्यांदा सैल करायला नेलेली जोडवी

अव्वा, आज सकाळी न्हाणीत माझ्या बोटातलं जोडवं आपसूक गळून पडलं आणि मला इतकं हसू आलं, की तुझे जावई दाराशी येऊन विचारायला लागले, काय झालं म्हणून. पाय उतरलेत माझे. घोटा दिसतोय. वर्षभरानं दिसला, तर पाहुणा आल्यासारखं वाटलं.

गेल्या दिवाळीपासून पाय सुजायचे. मी म्हणायची, वय झालं. जोडवी रुतायची, पण मालक धडधाकट असताना ती काढायची कशी? मग नवी पेठेतल्या सोनाराकडून सैल करून आणायची. दोनदा आणली. तिसऱ्यांदा गेले, तर दुकानाच्या दोन पायऱ्या चढून मी अशी धापा टाकत बसले, की पाण्याचा तांब्या त्यानंच पुढं केला. बोटाला पडलेली खाच बघितली आणि हत्यार खाली ठेवलं. "काकू, चांदी ताणून ताणून किती ताणू? आता माझं काम न्हाय हे. डॉक्टरकडं जावा." दागिना न घेता गिऱ्हाईक परत पाठवणारा सोनार मी पहिल्यांदाच बघितला.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. तिनं छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर माझं हृदय दाखवलं. म्हणाली, पंपिंग छान आहे. हे ऐकून मी पिशवी उचलली. तुझ्या वेळीसुद्धा एवढं ऐकूनच आपण घरी आलो होतो ना. पण तिनं मला हाताला धरून बसवलं. "आजी, तुमचं हृदय आवळतं जोरात, पण आवळल्यावर सैल व्हायला पाहिजे, ते नीट होत नाही. ताठर झालंय. सैल झालं नाही तर रक्त भरणार कसं? मग पाणी तुंबतं, छातीत आणि पायांत." हे मागून म्हणाले, "हिच्या लाडू वळायच्या मुठीसारखं म्हणा की. एकदा आवळली की सुटत न्हाय." ती पोरगी एवढी हसली, की मला धीरच आला.

आता लघवीची गोळी आहे, रक्तदाबाची आहे, शिवाय मला साखर नसताना साखरेच्या रोग्याचीही एक आहे. ती हृदयालाही चालते म्हणे. मीठ कमी. शेंगाचटणी बिनमिठाची खाते. पहिले आठ दिवस भुसा खाल्ल्यासारखं वाटलं, आता शेंगेची खरी चव कळते. सकाळी उठलं की वजनकाट्यावर उभं राहायचं. तुझे जावई चष्मा लावून आकडा असा पुकारतात, जशी काय मी बाजार समितीत आलेली कांद्याची गोणी. आणि संध्याकाळी दोघं फिरायला जातो. हे मागं राहतात, मी थांबते. त्यांच्यासाठी थांबायची पाळी आता माझ्यावर येते, याचा आनंद तुला काय सांगू.

पण अव्वा, गोळ्या घेता घेता तू आठवतेस. जिन्याच्या चौथ्या पायरीवर तू बसली आहेस. ओल्या लुगड्यांची बादली शेजारी, एक हात भिंतीला. तुझेही पाय असेच, मऊ पिठाच्या गोळ्यासारखे. रात्री गादीवर गाठोड्याला टेकून, बसूनच झोपायचीस. गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नळी लावून सांगितलं होतं, हृदय ठणठणीत आहे. त्यांच्याकडं तेव्हा नळीच होती, त्यांचा काय दोष? दोष माझ्या जिभेचा. वरून वाकून मी म्हणते, "डॉक्टर म्हणत्यात काय झालं न्हाय, आन् तू पायरी-पायरीला बसतीस. कामाचा कटाळा आलाय म्हण की सरळ."

तू वर बघितलंस. म्हणालीस, "व्हय गं, आलाय." आणि बादली घेऊन उठलीस.

पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईनं विचारलं होतं, घरात कुणाला हृदयाचं होतं का. मी नाही म्हणाले. काल पुन्हा गेले, तेव्हा आपण होऊन सांगितलं, आईला होतं, हेच होतं. तुझे पाय, तुझी धाप, बसून झोपणं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, असू शकेल, पण तेव्हा तपासणी झाली नाही, त्यामुळं नक्की सांगता येत नाही. 'असावं' असं लिहिते. मी हटून बसले. बाई, 'होतं' लिहा. शेवटी तिनं लिहिलं. माझ्या कागदावर तू आता आजारी होतीस. आळशी नव्हतीस.

हे पत्र त्या कागदाच्याच फायलीत घालून ठेवते. तिला सगळं सांगितलं, अव्वा, फक्त जिन्यात मी काय बोलले, तेवढं सांगितलं नाही.