सगळ्यांत जवळचा निरोप

नागपूर, फेब्रुवारी १९६५

प्रिय बिजली,

आठवडाभर माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. हसू नकोस, पण डॉक्टर व्हायला निघालेल्या तुझ्या भावाला एक चेतापेशी कळेना! मेंदूतली ही पेशी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, पण तिला बाभळीसारख्या फांद्याच फांद्या. त्यांच्यावर जागोजागी इतर पेशींचे निरोप येऊन पडतात. मला वाटायचं, ती ते नुसते मोजते. सर म्हणाले, तसं नाही, परदेशात आता नवं गणित मांडलंय. टोकाच्या फांदीवरचा निरोप बुंध्याशी पोचेपर्यंत विरतो, शिवाय उशिरा पोचतो. म्हणून दूरचा आधी निघाला आणि जवळचा मागून, तर दोघं एकदम पोचतात आणि जोर येतो. उलट झालं तर तेच निरोप दुबळे पडतात. आणि बुंध्याजवळ थोपवणारा एकच ‘नको’ पडला, तर पलीकडचे कितीतरी ‘हो’ वाटेतच अडतात.

हे ऐकताना मला आपला तांडा का आठवावा, देव जाणे. दिवाळीत तांड्याचे नायक खेमसिंग यांच्या दारात तुझ्या सगाईची बैठक बसली होती. पुसदचे मामा हो म्हणाले, काका हो म्हणाले, बापू तर सगाई पक्की करायचा गूळ आणायलाच उठले. तू आत भाकरी थापत होतीस. नायकांनी विचारलं तेव्हा बापू म्हणाले, “पोरगी काई बोलून नाही राह्यली, म्हंजे तिले पसंत हाय.” मी तुझ्या पाठीकडे पाहत होतो. पाठीवरून मला काहीच कळलं नाही. थोरल्या भावाच्या होकाराशिवाय गूळ वाटायचा नाही, आणि मी आधी परीक्षा होऊ द्या म्हणालो, म्हणून तो थांबला.

आता होळीला तो वाटायचाय आणि बापूंनी माझा होकार मागितलाय. नवरा मुलगा, आर्णीचा देवसिंग मास्तर, माणूस चांगला, मला आवडतोही. तिथेच तर घोळ आहे! आवडून मला काय करायचंय?

मी अजून काही कळवलेलं नाही. सगळ्यांचे निरोप नायकांपर्यंत पोचले, सगळ्यांत जवळचा तेवढा कुणी मागितलाच नाही. बिजली, तुला हे लग्न हवंय का? हवं असेल तर मिठाई घेऊन येतो. नको असेल तर तेवढाच शब्द लिही. मी दूरचा, म्हणून आधी निघेन आणि नायकांसमोर आधी बोलेन. माझ्या मागोमाग तू बाहेर येऊन बोल, म्हणजे दोघांचा ‘नको’ एकदम पोचेल.

तुझाच गोंधळलेला भाऊ,
हिरासिंग