शेपटीचं शून्य

मामंजी, काल आमच्या सुनेने बोईसरच्या दुकानातून एक बाटली आणली आणि माझ्या हातात ठेवली. नातीला सकाळी उठल्यापासून शिंका लागतात, एकामागून एक, वीस-पंचवीस. डोळे लाल होतात, नाक गळतं, आणि कारखान्यांकडून वारा आला की विचारूच नका. सून म्हणाली, "आई, मी दुपारी ड्युटीवर असेन तेव्हा हे दहा थेंब पाण्यातून द्याल तिला? होमिओपॅथीचं आहे, झाडपाल्याचं. काही अपाय नाही." ती सहज बोलून गेली. मी बाटली खिडकीपाशी नेली, चष्मा चढवला, आणि नावापुढची खूण वाचायच्या आधीच ती कट्ट्यावर ठेवून दिली. सुनेला वाटलं, वय झालं. वय तर झालंच आहे, पण ही भीती त्याहून जुनी आहे, पालघरच्या तुमच्या पडवीतली. मी बाटली तिला परत दिली आणि म्हटलं, "मला नाही जमायचं बाई, तूच देत जा." तिने बाटली ठेवून दिली, जरा रागावली असावी. रात्रभर माझा डोळा लागला नाही, म्हणून आज सकाळी हे लिहायला बसले आहे.

तुम्ही शाळेतून निवृत्त झालात तेव्हा मी या घरात नुकती आले होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तुमचे चिरंजीव तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर हजेरी मांडायच्या कामाला लागलेले, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. राहता राहिलो आपण दोघं आणि पडवीतलं ते फडताळ. मुंबईहून मागवलेली जाडजूड पुस्तकं वाचून तुम्ही औषधं द्यायला लागला होतात, फुकट, आणि तेही शाळा भरल्यासारखं, वेळेवर. एडवणच्या कोळणी बाजार आटोपून यायच्या, मनोरच्या बाजूचे आदिवासी यायचे, बांधकामावरचे परमुलखातले मजूर "डॉक्टरसाब" म्हणत यायचे. बहुतेकांना सर्दी, शिंका, धाप, डोळ्यांची खाज. तुम्ही प्रत्येकाला आधी बजावायचात की कांदा खायचा नाही, आणि मग त्याच्या हातावर कांद्यापासूनच केलेल्या गोळ्या ठेवायचात. मला हसू यायचं. तुम्ही म्हणायचात, "हसू नकोस, जो डोळ्यांतून पाणी काढतो तोच ते थांबवतो, फक्त त्याला झिजवायला लागतं."

मला तुम्ही शिकवलंत ते मात्र मनापासून. मराठी सातवी झालेल्या सुनेला पुढ्यात बसवून लक्षणं पाठ करून घेणारा सासरा त्या काळी पालघरात दुसरा नव्हता. रागही तसाच. एकदा लसूण सोलून मी हात नीट न धुता गोळ्यांच्या बाटलीचं बूच काढलं. तुम्ही वास घेतलात, अख्खी बाटली परसात नेऊन ओतलीत आणि म्हणालात, "औषधाला हात लावायची लायकी अंगी यावी लागते, सूनबाई. ती माहेराहून आणता येत नाही." दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलायला लागलात ते थेट पुढचा धडा घेऊनच. पण मी ते दोन दिवस विसरले नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं असं मला अजून वाटतं. तुमच्यावर ढकलते आहे असं समजू नका. मी भित्री होतेच.

तुमचा नियम साधा होता. बाटलीवरचा आकडा जितका मोठा, तितकं औषध जास्त झिजवलेलं, म्हणजे पुन्हा पुन्हा विरळ केलेलं, आणि तितकंच जोरकस. दोनशे म्हणजे फार जोराचं, ते तुम्हीच द्यायचं. तीस मोठ्या माणसाला. लहान पोरांना सहा, अगदी तान्ह्याला तीन. आता मला सांगा, हे डोक्यात पक्कं बसलेल्या बाईने वरच्या खणात एक बाटली पाहिली, तिच्यावर तेच ॲकोनाइटचं नाव आणि पुढे आकड्याच्या जागी नुसतं एक शून्य, खाली बारीकशी शेपटी असलेलं, तर तिने काय समजावं? मी समजले, सगळ्यात सौम्य ते हे. ती इंग्रजी क्यूची खूण असते, आणि तिचा अर्थ मूळ अर्क, अजिबात न झिजवलेला बचनाग, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या पोस्टमास्तरांच्या कमरेला चोळायच्या तेलात घालायला तुम्ही ते मागवलं होतंत.

माघातला तो दिवस. सकाळचा वारा इतका बोचरा की तुळशीला पाणी घालताना बोटं वळत नव्हती. तुम्ही आदल्या दिवशी डहाणूला लग्नाला गेलेले, दुपारच्या गाडीने यायचे होतात. मासवणहून एक बाई आली, नदीपलीकडच्या पाड्यावरची, कडेला दीड वर्षाची पोर. "राती वारा लागला, बाय. नाकातना पाणी, अंग तापलंय, नुस्ती दचकते. बाबा नाय का घरात?" लक्षणं तर पाठच होती मला. कोरडा वारा, एकाएकी सर्दी, ताप, घाबरलेलं मूल, म्हणजे ॲकोनाइट. तुम्ही घरात नव्हता आणि औषध मला आपोआप सुचलं, याचा काय आनंद झाला मला! सहाचं संपलं होतं. मी स्टुलावर चढले, वरच्या खणातलं शून्य काढलं, आणि पोर लहान, औषध सौम्य, म्हणून चांगले दहा-बारा थेंब पाण्यात टाकले. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवली, सहा मात्रांची. "चार चार तासांनी एक खूण पाज," म्हटलं. ती पाया पडायला वाकली. मी पडू दिलं.

दुपारी तुम्ही आलात, पाय धुतलेत, ताट वाढून घेतलंत. कोण कोण आलं होतं विचारलंत. मी सांगितलं, ॲकोनाइट दिलं. तुमचा चेहरा खुलला. "बरोब्बर! शाबास." आणि भाताचा घास घेता घेता, शिकवायच्या सवयीने, पुढे म्हणालात, "फक्त वरच्या खणातल्या बाटलीला हात लावू नकोस हं. ते शेपटीवालं मदर आहे, मूळ अर्क. साक्षात विष. ते जिभेला लागलं तर माणूस बसल्या जागी गार पडेल." मी ताक वाढत होते. ताक वाढत राहिले. तोंडात शब्द आला होता, मामंजी, अगदी ओठांवर. "मीच." पण तुम्ही नुकतंच शाबास म्हणाला होतात, आणि मला परसात ओतलेल्या गोळ्या दिसल्या. मी म्हटलं, "शिंप्याकडे चोळी टाकलीय, घेऊन येते," आणि चप्पल न घालताच बाहेर पडले.

मनोरच्या बसमध्ये मी उभी राहिले. जागा होती, पण बसवेना. कंडक्टर म्हणाला, "बसा की ताई, पडाल." मी मनातल्या मनात तास मोजत होते. ती नऊला निघाली, चालत, म्हणजे पाड्यावर अकरा-साडेअकरा. मग एक मात्रा. दुसरी साडेतीनला. आता दीड. मासवणला उतरले ती जवळजवळ धावतच. सूर्या नदीचं पाणी गुडघ्याएवढं होतं, गोटे पायाला लागत होते, आणि मला एकच वाटत होतं की पलीकडून रडणं ऐकू आलं की मागे फिरायचं. होय, असंच वाटत होतं. पोर वाचावी असं नंतर वाटलं, आधी पळून जावंसं वाटलं.

रडणं नव्हतं. बाई कुडाच्या घरापुढे बसली होती, पोर मांडीवर. बाटलीवरची एक खूण रिकामी. "आवं बाय, तुमी? एक टायम पाजलं. मंग दोनदा वांती झाली. आन् बगा ना, सारखी जीभ खाजवते." पोर खरंच बोटं तोंडात घालून जिभेवर ओरबाडत होती. तळवे गार, कपाळावर घाम, ओठ पांढुरके. मी बाटली उचलली आणि जमिनीवर ओतली. "बदलून द्यायला आले," म्हटलं. "यातलं पाणी शिळं होतं." मग तिथेच बसले, पोरीच्या छातीवर हात ठेवून. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा आणि मी पुढचा मोजायची. मनोरला सरकारी दवाखाना होता. एखादी गाडी थांबवून तिला तिथे नेणं एवढंच काम होतं. पण तिथे पहिला प्रश्न झाला असता की काय पाजलं, कुणी पाजलं. त्या भीतीने मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घेऊन मी माझी अब्रू सांभाळत बसले. माझं वागणं त्या बाईला मायेचं वाटलं. ती मला म्हणाली, "तुमी कवा जेवला, बाय? पेज देऊ?"

उन्हं कलली तेव्हा पोरीचे हात कोमट झाले. तिने आईकडे बघून ओठ मुरडला आणि खच्चून रडली. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही. ती अंगावर प्यायला लागली, तेव्हा मी उठले. शेवटच्या बसने घरी आले. चोळी नव्हतीच हातात. तुम्ही वाचत होतात, विचारलंही नाहीत.

आठ दिवसांनी ती बाई आली. टोपलीत वालाच्या शेंगा, कडेला पोर, टुणटुणीत. तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुमच्या सुनेच्या हाताला गुण हाय. एकाच टायमात वांती होऊन समदा कफ पडला. आन् सोता बगायला आल्या, नदी उतरून!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमचे डोळे भरून आले होते. मी नदी उतरून गेले आणि बोलले नाही, हा तुम्हाला माझा मोठेपणा वाटला. त्याच संध्याकाळी तुम्ही तुमची स्वतःची शिसवी पेटी, साठ कुप्यांची, माझ्यासमोर ठेवलीत. "लायकी आली," म्हणालात. पुढे येईल त्याला ती गोष्ट सांगायचात, वहीतही लिहून ठेवलीत. दर वेळी मी आत जाऊन चुलीत उगाच फुंकर घालायची. हातगुण! लोक सूनबाईंकडूनच औषध पाहिजे म्हणायला लागले.

तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही मला नीट आठवत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि मासवणपेक्षा मला तिचीच जास्त भीती वाटते. त्या दिवसानंतर मी कुठल्याही बाटलीतला थेंब कुणाला दिला नाही. पेटीतल्या साठही कुप्यांत साखरेच्या नुसत्या गोळ्या भरल्या, वास यावा म्हणून वर स्पिरिट शिंपडलं. कुणाचं दुखणं वेगळं दिसलं तर त्याला सरकारी दवाखान्यात धाडायचे. बाकी सर्दीवाले, शिंकांवाले, डोळे चोळत येणारे, सगळ्यांना त्याच. सहा वर्षं. आणि लोक बरे होत राहिले, मामंजी. आधी होत तितकेच. तुम्ही रोज वहीत "गुण आला" लिहायचात, आणि मी शेजारी उभी असायची. शेवटच्या हिवाळ्यात तुम्हाला खोकला बसू देईना, तेव्हा मी डॉक्टरांना बोलावलं, त्यांची औषधं आणली. ती तुम्ही उशाखाली सरकवलीत आणि म्हणालात, "मला तुझ्या हातचं दे." मी चार गोळ्या दिल्या. त्याही कोऱ्याच होत्या. तुम्ही जिभेवर धरल्यात, डोळे मिटलेत, आणि थोड्या वेळाने म्हणालात, "उतार वाटतो गं."