डाव्या दाराचा पत्रा

धाराशिव,
ता. १९ जानेवारी १९४९

तीर्थरूप नागम्माक्कांस,

विरुपाक्षाचे शरणु शरणार्थ. आम्ही सगळे खुशाल. तुमची कंबर कशी आहे? सोलापूरची थंडी सोसते का? संक्रांतीला येताल म्हणून शिवम्मानं तिळाच्या पोळ्या राखून ठेवल्या होत्या. धाकट्याला दात आले. हरभरा बरा आहे.

श्रीमंतरावांनी तुम्हाला जोंधळ्याचं पोतं धाडलंय म्हणं. फोडलं नसंल तर फोडू नका. फोडलं असंल तर उरलेलं जनावरापुढं टाका. त्यातलं दाणाभर तोंडात घालू नका, अक्का.

त्यांची ती काळी मोटार महिन्यामागं आमच्या दुकानात आली. सरकारी पाहुण्यांना तिच्यातून मिरवायचं, म्हणून नवी करायची. "पांढरी रंगवा," म्हणाले. "खालचे पत्रे सडलेत, तेबी बदला." डोईवर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. पोलिस ॲक्शनच्या आदल्या महिन्यापर्यंत ह्याच्याच वाड्यावर रझाकारांच्या पंगती उठत होत्या. आता भाषणं ठोकतो. मी मोटार परत धाडणार होतो. पण दुकान माझं न् खाजाभाईचं, दोघांचं. ॲक्शननंतरच्या दंग्यात जळालेली त्याच्या घराची दारं अजून तशीच आहेत, त्याला कामाची नड. घेतली मोटार.

हे काम लई किचकट. कारखान्यात हे पत्रे विजेच्या चिमट्यात धरून ठिपक्याठिपक्यानं चिकटवलेले असतात. रंग खरवडला की बारीक खळगे दिसतात. एकेक खळगा भोक पाडून कापायचा, पण वरचाच पत्रा. खालच्या सांगाड्याला धक्का लागू द्यायचा न्हाय. आपल्याकडं तो चिमटा न्हाय. म्हणून नव्या पत्र्याला त्याच जागी भोकं पाडून खाजाभाई ती गॅसनं भरतो. त्याच्या हातचा टाका कळतसुदिक न्हाय.

मागल्या डाव्या दाराचा पत्रा सुटला तशी घाण सुटली. गंज, चिखल, कुजलेला भुसा. मी पालथी मूठ नाकाला लावली. खाजाभाईनं चिमट्यानं चिखल उकरला आणि एकदम मागं सरला. "विरूभाई, ये तुमीच उठाव," म्हणाला. त्यानं हात धुतले, धुतलेलं फडकं आणून माझ्यापुढं अंथरलं.

अक्का, कसं लिहू? गळ्यात लिंग ठेवायची करडगी होती. चांदी काळी पडलेली, तिचा गळ्यातला शिवदारा तुटका. तिची बिजागरी पितळेची. ती मीच बसवली होती, मागल्या शिवरात्रीला, तुमच्या इथल्या घराच्या ओसरीवर. आत दाजींचं लिंग.

दाजी सरहद्दीपलीकडं लढणाऱ्यांच्या कॅम्पात भाकरी पोचवतात हे रझाकारांना कळलं, तवा ह्याच श्रीमंतरावांनी तुम्हाला सांगितलं होतं, "सिद्धलिंगाला मी माझ्या मोटारीतून हैदराबादला वकिलाकडं नेतो." मग सांगितलं, वाटंत धरलं, तुरुंगात आहेत, सुटतील. तुम्ही अजून वाट बघताय. आपल्यातला माणूस जित्या अंगावरलं लिंग आपल्या हातानं कधी काढतो का?

दुसऱ्या दिवशी तो आला. "झाली का गाडी?" मी फडकं उघडून पुढं धरलं. त्यानं बघितलं. तोंडातलं पान चघळायचं थांबलं न्हाय. "उंदरानं ओढून नेलं असंल," म्हणाला.

त्याच्या मागं त्याचा ड्रायव्हर सिदू उभा होता. तो पुढं आला. "उंदीर न्हाय, मालक," म्हणाला. "मीच चालवत होतो. नळदुर्गाची वाट सोडून तुम्हीच ओढ्याकडं वळवाय लावली. सिद्धलिंगांना उमगलं. दाराचं रेक्झिन फाटलं होतं, तिथं कायतरी सारताना म्या त्यांना आरशात बघितलं. ओढ्यात रझाकारांची माणसं उभी होती. त्यांना उतरवून तुम्ही काच वर करून घेतली. गोळी झाडली तवा मला म्हणालात, चल आता."

आम्ही सिदूला घेऊन ठाण्यात गेलो. पंचनामा झाला. श्रीमंतरावाला तिथं खुर्ची मिळाली, चहा मिळाला. सिदू आणि मी उभे. तो बशीत ओतून फुरकत होता, तो आवाज अजून कानातून जात न्हाय. अजून तो मोकळा फिरतोय. निरोप धाडलाय की समाधीला हार घालायला स्वतः येईन. शिवम्मा निरोप्याच्या पायापुढं थुंकली. मी तिला अडवलं न्हाय.

काल सिदूनं ओढ्याकाठच्या बाभळीखालची, पुरल्याची जागा दाखवली. दाजीच आहेत, अक्का. धोतराचा काठ मी ओळखला.

मोटार उघड्या दारानिशी दुकानापुढं उभी आहे. येणारंजाणारं बघतं. नवा पत्रा कापून तयार आहे, पण आम्ही दोघं तो बसवणार न्हाय.

हे पत्र खाजाभाईच्या हाती देतोय. त्यानं आणलेल्या लारीतून त्याच्यासंगं या. कुणी काही बोललं तर बोलू द्या. करडगी पत्रासंगं पाठवली न्हाय. ती दाजींच्या तळहातावर ठेवायची, आणि ठेवणार तुम्ही. स्वामींना सांगून ठेवलंय, अक्का आल्याबिगर मूठभर माती लोटायची न्हाय.

वाटंकडं डोळे लावून खड्ड्याशी बसलेला,
तुमचा भाऊ
विरुपाक्ष