धुडाच्या पोटावरची चकती

११ मार्च १९४६, सोमवार

अल्लाबक्ष बँडवाला आज दारातूनच सांगून गेला. आत ये म्हणलं तर आला न्हाई — तवाच कळलं, काही वाईट घेऊन आलाय. म्हणे, "काकू, उकंडकाका वाजवतात का नुसतं त्या बाजाला धरून उभे ऱ्हातात, लोकाला समजत न्हाई. आखितीच्या मुहूर्ताला डोंगरकडा गावचं लगीन हाय. तवर आवाज निघाला तर ठीक. न्हाई तर त्यांच्या जागी नांदेडचा कर्णेवाला घेतो. माफ करा."

माफ काय करा! ह्याच्या बापाच्या वेळेपासून माझा म्हातारा त्या बँडात चाळीस वर्सं उभा हाय.

पण खरं लिहायचं तर पोराचं चूक न्हाई. बाजा म्हणजे काय, तर छावणीतले गोरे जाताना टाकून गेले ते धूड. माणसाहून हातभर उंच सारंगी, चार जाड ताती. बँडवाले डबल बास म्हणतात. मी धूडच म्हणते. घरात वाजवलं तर मांडणीवरची भांडी थरथरतात. वरातीत बैलगाडीत उभं केलं आन् दोन ढोल सुरू झाले की मेलं मुकं!

१२ मार्च, मंगळवार

सकाळी म्हातारा जेवला न्हाई. संध्याकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. झालं बराबर.

२० मार्च, बुधवार

दस्तगीर भोंगेवाल्याला बोलावणं धाडलं. मीच धाडलं. म्हातारा कुणापाशी काही मागत न्हाई, त्याला लाज वाटते. माझी लाज ह्या घरात आले त्या सालीच संपली.

दस्तगीर गाडीत भोंगा, मोटारीची बॅटरी आन् एक मशीन घेऊन आला. म्हणे, "चाची, भोंगा तर बोलंल. पण त्याला ऐकवणारा कान कुठला लावायचा, ते ठरवावं लागंल." तीन जातीचे कान आणले होते त्यानं.

पयला मायक, दांड्यावरचा. सभेत पुढाऱ्याच्या तोंडापुढं असतो तो. धुडाच्या पुढं ठेवला. म्हाताऱ्यानं तात ओढली, आन् भोंग्यातून आली शेजारच्या रूपाबाईची शेळी. मग रूपाबाई. मग शेळीला दिलेली शिवी. त्या सगळ्याच्या मागं कुठंतरी म्हातारा.

दस्तगीर म्हणे, "हा सगळ्यांचं ऐकतो." म्हणलं, मग हा सासुरवाशिणीच्या जातीचा, आमच्या कामाचा न्हाई.

दुसरा फोनोचा, तबकडीवर फिरतो तो सुईवाला. सुई लाकडावर टेकवायची. तात हालली की सुई घसरती, आन् भोंगा खरवडल्यावानी ओरडतो. म्हातारा म्हणाला, "माझ्या बाजावर नांगर चालवता काय?" तोही गेला.

तिसरी एक काळी चकती, पट्ट्याला लावलेली. सिकंदराबादेत लढाईचं सामान विकून राहिले म्हणे, तिथनं आणली. उडत्या इमानातले शिपाई गळ्याला बांधायचे. हवेतलं काही ऐकत न्हाई, ज्याला चिकटंल त्याचंच ऐकते. असलं माणूस मला उभ्या जन्मात भेटलं न्हाई. ही ठेव म्हणलं.

२७ मार्च, बुधवार

दोघं शहाणे, म्हातारा आन् दस्तगीर, सकाळधरनं बसले होते. शिपायाच्या गळ्यातली म्हणून धुडाच्याही मानेला बांधली! आवाज कसा, तर मडक्यात कोंडलेला डास. मग पोटावर, त्या वाकड्या भोकापाशी दाबून धरली. भोंगा असा केकाटला की म्हैस दावं तोडून पळाली. अर्धी हिंगोली तिच्या मागं. मग कडेला लावली, तर तोंडात कापूस कोंबल्यावानी.

नात सुमन हसून हसून खाली बसली. म्हातारा चिडला, "आखितीला घरी बसतो मी, झालं?"

बसा. आन् माझं डोकं खा!

३ एप्रिल, बुधवार. पाडवा

सकाळी गुढी उभारली. दुपारी सुचलं. इतके दिवस कसं सुचलं न्हाई?

बाजारात माठ घेताना आपण काय करतो? डोळ्यानं बघत न्हाई. बोटाचं पेर वाकवून टकटक करतो. बुडाला येगळं वाजतं, खांद्याला येगळं. जिथं जित्तं वाजतं तिथं माठ पक्का. बाप्ये माठ घेत न्हाईत, त्यास्नी काय ठावं!

म्हातारा झोपला व्हता. मी धुडाला आडवं केलं आन् वरनं खालपर्यंत टकटक करत गेले. कडेला ठस्स. मधी बरं. ताती ज्याच्यावरून जातात ती लाकडी घोडी हाय ना, तिच्या जाड तातेकडल्या पायापासून दोन बोटं खाली ठोकलं — आन् सगळं पोट बोललं. माझ्या मांडीपर्यंत आलं ते! कोळशानं फुली मारली.

म्हातारा उठला. फुली बघून म्हणाला, "शके, त्यावर भाकरी थापणार हायेस काय?"

९ एप्रिल, मंगळवार

फुलीवर लावली. म्हाताऱ्यानं हळूच जाड तात ओढली.

भोंग्यातून जे आलं ते लिहिता येत न्हाई मला. मांडणीवरची पितळी खाली आली, रूपाबाई बाहेर आली. दस्तगीर म्हणाला, "या अल्ला!" म्हाताऱ्यानं परत तीच तात ओढली. परत तीच. पोरगं खुळखुळा हालवतं तसं. सांजेपर्यंत थांबला न्हाई.

मग चकती खाली पडली.

१६ एप्रिल, मंगळवार

कशानं चिकटवायची, हा तिढा. खळ वाळली की सुटते. मेण दुपारच्या उन्हात पघळतं — चकती पोटावरून गोगलगायीवानी खाली येती. खिळा मारू म्हणला दस्तगीर. म्हणलं, आधी तुझ्या कपाळात मारून बघू.

मदीनाबी बांगडीवालीकडून लाख आणली. दोन थेंब, वरून फडक्याचा पट्टा. हालंना!

अल्लाबक्ष ऐकायला आला. एक तात ऐकली आन् म्हणाला, "काकू, काकाला सांगा, डोंगरकड्याला पुढच्या गाडीत उभं ऱ्हायचं." पुढच्या! म्हातारा हजामत करून आला.

४ मे, शनिवार. आखिती. डोंगरकडा

उन्हानं लाख सुटली तर दाबायला म्हणून मलाही गाडीत बसवलं.

वरात निघाली. ढोल सुरू झाले, कर्णे सुरू झाले, आन् त्या सगळ्याच्या खालून म्हातारा आला. खालूनच, जमिनीतून आल्यावानी. एक बाई छातीला हात लावून म्हणाली, "माय, माझ्या पोटात वाजतंय!" माणसं कर्णेवाल्याकडं बघंनात, म्हाताऱ्याकडं बघून राहिली. अल्लाबक्षनं मागं वळून मान हालवली. मला वाटलं, जागा राहिली. चाळीस वर्सांची जागा राहिली!

तिसरं गाणं सुरू झालं, आन् भोंगा बोलला.

"हळू रे अल्लाबक्षा, कुत्रं लागलंय का मागं!"

सगळी वरात भोंग्याकडं बघाया लागली.

म्हाताऱ्याची खोड मला ठावं हाय. वाजवताना गाल धुडाच्या मानेला टेकवून पुटपुटत ऱ्हातो. चाळीस वर्सांत कुणाला ऐकू गेलं न्हाई, म्हणून कुणी काही म्हणलं न्हाई. आता गालातून लाकडात, लाकडातून चकतीत. डोळे मिटलेले, त्याला पत्ता न्हाई!

"नवरदेवाचं तोंड बघा, दात उपटाया चालल्यावानी."

नवरदेवानं तोंड सरळ केलं.

"वरणात दाळ पडली असती तर बोटात जोर तरी आला असता."

नवरीचा बाप उभाच राहिला. मी म्हाताऱ्याला लाथ मारली. त्याला वाटलं गाडीचा हिसका. मग जोरात मारली.

भोंगा म्हणाला, "आन् ही शकी, म्हातारपणी लाथा झाडती!"

डोंगरकड्याची माणसं रस्त्यात बसली हसत. बैल थांबले. दस्तगीरनं मशीन बंद करायचं तर तो स्वतःच गाडीखाली लोळून राहिला होता.

५ मे, रविवार

अल्लाबक्षनं काल परतीच्या वाटंवरच सांगितलं, "काका, तुमी आता घरी बसा. नवरीच्या बापाचे पाय धरले मी." ओरडला न्हाई. ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हातारा पडवीत धुडाकडं पाठ करून बसला. म्हणाला, "मी मोठ्यानं बोललो व्हय?"

"न्हाई. रोज बोलता तेवढंच. चकती चांगल्या जागी लागली, दुसरं काय."

"जागा कुणी शोधली व्हती?"

मी उठले. चूल पेटवायची होती. जागा शोधताना मी धुडाला टकटक केलं, म्हाताऱ्याला करायचं राहिलं.

८ मे, बुधवार

अल्लाबक्ष आला होता. पुसेगावच्या पाटलाचा माणूस त्याच्याकडं येऊन गेला. पोरीचं लगीन हाय, बँड पायजे — पण तो भोंग्यातून बोलणारा म्हातारा असंल तरच. अल्लाबक्षनं हात जोडले, "काका, जे म्हणायचं ते म्हणा, माझ्या बापालाबी म्हणा."

तवापासून म्हातारा धुडाला गाल लावून बसलाय, तोंडातून शब्द निघंना. म्हणतो, "शके, ठरवून बोलायचं म्हणलं की शिवी येतच न्हाई."

म्हणलं, सरका तिकडं. मी शिकवते.