तुमच्या नावाची पाटी

सर, आधी मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते सांगतो, कारण तुम्ही असतात तर तेच पहिलं विचारलं असतंत. वारज्याच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी आमचं मैदान आहे. तिथले दोन्ही गोलपोस्ट मी जोडले. पाइप भंगारातला, पण वेल्डिंग माझं, आणि ग्राइंडर मारून इतकं साफ केलेलं की हात फिरवला तर सांधा लागत नाही. जाळ्या मी विणल्या, नायलॉनच्या दोरीच्या. फक्की मारायची गाडी केली, तिला एका मोडक्या तिचाकी सायकलची मागची चाकं लावून. रेघ मनगटाएवढी रुंद पडते आणि वळणावरही फाटत नाही. आणि कपडे बदलायची खोली. ती पत्र्याचीच आहे, पण आत प्रत्येकाला वेगळा आडोसा आहे आणि आतून कडी. तुम्ही म्हणाला असतात, फुटबॉलच्या संघाला कड्या कशाला, चोऱ्या होतात का? चोऱ्या होत नाहीत, सर. आमच्या शनिवारच्या संघात असे लोक आहेत की ज्यांना आजवर कुठल्याच खोलीत निवांतपणे शर्ट काढता आलेला नाही. कुणी मुलगी म्हणून वाढलं आणि पुरुष म्हणून जगतंय, कुणी त्याच्या उलट. काही पुरुष पुरुषांवर प्रेम करणारे, माझ्यासारखे. वेल्डिंग मला कुणी शिकवलं नाही आणि 'माझ्यासारखे' हा शब्द लिहायलाही नाही. दोन्ही करता करता शिकलो, हात भाजून घेत.

गेल्या रविवारी आपल्या जुन्या संघातले तिघं घरी आले होते. तुमच्या नावानं फुटबॉलची अकादमी काढताहेत. मला मुख्य प्रशिक्षक करायचं म्हणत होते. मी नाही म्हणालो. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. मैदानावर गेलो की वाटतं घरी जावं, घरी आलो की चपला परत पायात. नकार मी त्या तिघांना दिला, पण नाव तुमचं होतं. म्हणजे मी नाही म्हणालो ते त्यांना, की तुम्हाला? हे काही केल्या ठरत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तुमची ती हिरवी बांगडी. सरावात जो अंगावर आलेल्या माणसाला भिडायचं सोडून बाजूला झाला, त्याच्या हातात तुम्ही ती चढवायचात. काचेची नाही, प्लॅस्टिकची; काच फुटून लागेल, तेवढी काळजी घेतली होतीत. पुढच्या सरावापर्यंत ती काढायची नाही, बसमध्ये नाही, वर्गात नाही. तुम्ही रागावलात की आम्हाला एकदम अहो-जाहो करायचात. 'वा! चेंडूला वाट करून दिलीत, आता आरतीही ओवाळा. आणा हात इकडे.' सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि हसता हसता हात पाठीमागे न्यायचो, कारण मला वाटायचं की ती बांगडी माझ्या हातात गेली तर कुणालाच ती शिक्षा वाटणार नाही. सगळे म्हणतील, अरे, हिची जागा हीच.

मग ती आपल्या डाव्या विंगरच्या हातात गेली. एवढा हलका पाय मी पुढे गोव्यात, कोलकात्यात व्यावसायिक खेळलो तेव्हाही पाहिला नाही. तो धक्काबुक्कीला घाबरायचा, खरं आहे. चालायचाही जरा लचकत. तुम्ही बांगडी चढवलीत तेव्हा तो हसला, हात वर करून खणखण वाजवल्यासारखं केलं, प्लॅस्टिकची असून. पोरं आणखी हसली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कुणीतरी त्याला ओढणी आणून दिली. पुढच्या सरावाला तो आला नाही. बांगडी त्याच्या धाकट्या भावाबरोबर परत आली, कागदात गुंडाळून. तुम्ही ती पिशवीत टाकलीत आणि शिट्टी वाजवलीत.

त्यानंतरचा एक रविवार. येरवड्यातलं तुमचं दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही माझ्या बुटाचा तळ शिवताय, मी पोहे खातोय. तुम्हाला दुसरं दाभण हवं होतं म्हणून काकूंनी तुमची पिशवी उपसली आणि बांगडी बाहेर आली.

'ही माझी ना?' काकू म्हणाल्या.

'सरावाला लागते,' तुम्ही मान वर न करता.

'सरावाला? मुलांना काय डोहाळजेवणाला बसवता का?'

तुम्ही मला खूण केलीत, मग मीच सांगितलं की ती कशासाठी असते. काकूंनी झाऱ्या खाली ठेवला. 'अस्सं. म्हणजे भित्र्यानं घालायची. ह्या बांगडीसकट मी रोज खालच्या नळावरून पाणी वर चढवते. तुमच्या त्या तगड्या गोलकीपरला एक दिवस पाठवा, दोन हंडे घेऊन जिना चढू दे.'

'तुला फुटबॉलमधलं काय कळतं?'

'फुटबॉलमधलं नाही कळत. बांगडीतलं कळतं.'

तुम्ही दोरा दातानं तोडलात. बस. पण पुढच्या सरावाला पिशवीत बांगडी नव्हती, आणि कुणी विचारलंही नाही. वाक्य मात्र राहिलं: 'हातात बांगड्या भरल्यात का?' ते तुमच्या तोंडून शेवटपर्यंत गेलं नाही. वस्तू काढलीत आणि शब्द ठेवलात. मी कितीदा या दोन गोष्टी तराजूत घालून बघितल्या, सर. पारडं स्थिर राहत नाही.

कारण माझा सगळा खेळ त्या शब्दाच्या धाकातून उभा राहिला. मी स्टॉपर झालो, अंगावर येणाऱ्या कुणालाही न सोडणारा. पेपरवाले निडर लिहायचे. ती कात्रणं आईनं जपली होती, मला मात्र ती वाचली की हसू यायचं. निडर कसला, त्या मैदानावर माझ्याइतका घाबरलेला माणूस दुसरा नसेल. फक्त माझी भीती पुढे धावायची, त्या डाव्या विंगरची मागे धावायची. गुडघा गेला तोही अशाच एका गरज नसलेल्या भिडण्यात. चेंडू बाहेर चालला होता. सोडला असता तरी चाललं असतं. मला सोडता येत नव्हतं.

आणि तरी मी तुमच्यावर धड रागावूही शकत नाही. गोव्याला निघालो त्या दिवशी मी तुम्हाला भेटायला, तुम्ही नोकरी करायचात त्या कारखान्याच्या फाटकावर आलो होतो. तुम्ही लेथ सोडून बाहेर आलात, हात तेलानं काळे. खिशातून दाभण आणि मेणाचा दोरा काढून दिलात. 'बूट दुसऱ्याच्या हाती शिवायला द्यायचे नाहीत. आपलं आपण.' मग जरा थांबून, रस्त्याकडे बघत, 'आणि तिकडे एकटा राहू नकोस. कुणीतरी असू दे.' त्या काळात मला जो भेटेल तो म्हणायचा, आता बायको कर, मुलगी बघ. आई, मामा, कॅन्टीनवाला, सगळे. तुम्ही म्हणालात, कुणीतरी. मराठीत तो असतो, ती असते, ते असतं; खुर्चीलाही लिंग आहे आणि टेबलालाही. 'कुणीतरी'ला नाही. थ्रोला थ्रो-इन म्हटलं नाही तर सरावातून बाहेर काढणारे तुम्ही, तुमच्या तोंडून शब्द असाच निसटला असेल? की भोंगा व्हायची वेळ झाली होती आणि घाईत जे आलं ते बोललात? विचारायचं राहिलं. मी गुडघा घेऊन परत आलो तोवर तुम्ही गेला होतात, आणि काकूही लेकीकडे राहायला गेल्या त्या तिकडेच वारल्या.

कलम ३७७ वरचा कोर्टाचा निकाल लागला, आमचं प्रेम गुन्हा राहिलं नाही, तेव्हा मी शब्दकोश हाताशी घेऊन तो मूळ इंग्रजीत वाचला आणि त्यानंतरच्या पहिल्या सभेत उभा राहून माझ्याबद्दल बोललो. माजी फुटबॉलपटू म्हटल्यावर लोक ऐकतात. आता हिंजवडीच्या कंपन्यांतही बोलावतात. तिथे टाळ्या फार लवकर वाजवतात, वाक्य पुरं होऊ देत नाहीत. मैदानाची मालकीण बरी. जुन्या गावातली बाई, पहिल्याच दिवशी म्हणाली, 'कशी का असंनात, मान्सं हायेत न्हवं? खेळू द्या. माझ्या मेथीवर फक्की उडली तर मात्र बघा.'

तर रविवारी ते तिघं. बोलत होता आपला कॅप्टन. हिंजवडीत कंपन्यांना बसगाड्या पुरवतो, पैसा त्याचाच. म्हणाला, 'सगळं तुझं. मुलं तुझी, ट्रेनिंग तुझं. फक्त तो विषय नको.'

'कुठला विषय?'

'तोच रे.'

'नाव घे ना. मॅचमध्ये तर रेफ्रीच्या आईपर्यंत जायचास.'

बाकीचे दोघं हसले, तो नाही. 'आईबाप मुलं पाठवणार नाहीत. तुझा तो शनिवारचा संघ बंद कर, भाषणं बंद कर. घरात तू कसा राहतोस ते आम्ही कधी विचारलंय? सरांच्या नावाला धक्का नको, एवढंच. सर असते तर काय म्हणाले असते, सांग.'

'सर असते तर आधी तुझ्या पोटाकडे बघून म्हणाले असते, आपण चेंडू गिळलात का?'

हे मी बोललो खरा, पण खालचा प्रश्न तसाच राहिला. सर असते तर काय म्हणाले असते? त्याला वाटतं, बांगड्यांचं वाक्य म्हणाले असते. मला वाटतं, कुणीतरी म्हणाले असते. तुम्ही दोन्ही म्हणालायत, आणि आता तिसरं काही म्हणणार नाही. तेव्हा मला जे ठरवायचं ते तुमच्याशिवाय ठरवावं लागलं. शनिवारच्या संघातला एक जण गेल्या आठवड्यात पहिल्यांदा अंगावर येणाऱ्याला सोडून बाजूला झाला. चेंडू गेला, गोल झाला, आणि कुणी काही बोललं नाही. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, बोलणी खायची वाट बघत. मी म्हटलं, चल, तुझा किक-ऑफ. हे मी तुमच्या पाटीखाली करू शकलो नसतो. एवढं नक्की होतं, आणि एवढ्यावरच नाही म्हणालो.

हे पत्र पाकिटात घालणार नाही, कारण ते टपालात टाकायचंच नाहीये. पण तुमच्याशी बोलताना आकडा लपवला तर बरोबर दिसणार नाही. मुख्य प्रशिक्षक, फाटकावर वर तुमचं नाव आणि त्याच्या खाली माझं, महिना नव्वद हजार रुपये. कॅप्टननं हे सांगितलं तेव्हा मी कानाला हात लावून म्हणालो, काय म्हणालास, ऐकू नाही आलं. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, पाटीसकट. ऐकू पहिल्याच वेळी आलं होतं, सर.